आधी माती, मग टायर

दसरा-दिवाळीच्या सुमारास टायरच्या दुकानात हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "एटी बसवू का?" एटी म्हणजे ऑल-टेरेन, अर्थात डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीकडे चालेल असा टायर. विचारणारा बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा नवी थार घेऊन आलेला असतो. पुण्यात नोकरी, गाव भूम किंवा लोहारा तालुक्यात, आणि शेत गावापासून दोन-तीन किलोमीटर पाणंदीने आत. टायर महाग असल्यामुळे दुकानदाराचं उत्तर बहुतेक वेळा "बसवा की साहेब" असंच येतं. पण धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न टायरचा कमी आणि मातीचा जास्त आहे, आणि मातीबद्दल दुकानात कुणी विचारत नाही.

बालाघाटाची रांग या जिल्ह्यातून गेली आहे. भूम, वाशी, तुळजापूर आणि धाराशिवच्या आजूबाजूला माळ, मुरूम आणि उघडा पडलेला काळा पाषाण भरपूर. तिथून उतरून तेरणेचं खोरं, मांजरेकाठचा कळंबचा भाग, पूर्वेकडचे उमरगा-लोहारा किंवा पश्चिमेकडचं सीनाकाठचं परंडा इथे आलात की भारी काळी जमीन लागते. एकाच जिल्ह्यात, तासाभराच्या अंतरात, गाडीच्या चाकाखाली दोन अगदी वेगळ्या दुनिया येतात. माळावर एटी टायर पैसे वसूल करून देतो. पावसाळी काळ्या रानात मात्र तो बहुतेक वेळा तुमच्यासारखाच हताश होऊन उभा राहतो.

असं का होतं ते समजून घेतलं तर निवड सोपी होते. काळ्या जमिनीतल्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे थर पाणी पिऊन फुगतात आणि सुकले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर तीच जमीन फुगून, चिकटून बसते. टायरच्या नक्षीत खाचा असतात त्या कशासाठी? पाणी बाहेर काढायला आणि मऊ मातीत चावा घ्यायला. काळी माती त्या खाचांत शिरते आणि तिथून हलतच नाही. मग खाच उरत नाही, चावा उरत नाही. चार फेऱ्यांत टायरचा वरवंटा होतो.

ट्रॅक्टरचं मागचं चाक पाहा. त्याचे उंच दात तिरपे असतात, मध्ये मोकळी जागा मोठी असते, आणि ही रचना चिखल बाजूला ढकलून बाहेर टाकण्यासाठी केलेली आहे. तरीही ऊसतोडीच्या हंगामात अवकाळी पाऊस झाला की एका ट्रॅक्टरला ओढायला दुसरा ट्रॅक्टर लावलेला दिसतो. जिथे ट्रॅक्टर अडतो तिथे १० मिलिमीटर खोल नक्षीचा टायर काय करणार? चिखलासाठीच बनवलेला एमटी, म्हणजे मड-टेरेन टायर, थोडा पुढे जाईल. पण डांबरावर तो मोठ्याने घोंघावतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की घसरतो आणि लवकर झिजतो. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव असा रोजचा प्रवास करणाऱ्याने एमटी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काळ्या रानाचा खरा इलाज शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: वापसा. जमिनीत ओल आहे पण पाणी नाही, माती मुठीत दाबली तर गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, ती अवस्था. त्या आधी कुणी औत घालत नाही, मग गाडी का घालावी? पाणंदीच्या तोंडाशी गाडी थांबवून वीस पावलं चालत जा. चपलेच्या तळाला मातीचे थर चढू लागले, पाय जड झाला, तर टायर कोणताही असो, गाडी तिथेच ठेवा. गावचे लोक हसतील, पण ट्रॅक्टरवाल्याला फोन करून बोलावण्यापेक्षा ते बरं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि परंडा-भूम भागात पूर आला. अशा दिवसांत पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालणाऱ्याला तर कोणत्याही कंपनीचा टायर वाचवू शकत नाही. चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी वाहत असेल तरी ते गाडी बाजूला लोटू शकतं.

मग एटी टायर कुणासाठी? माळासाठी, खडीसाठी आणि काट्यासाठी.

इथे काट्यांची बाब मोठी आहे. बांधावर, ओढ्याच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली असते आणि तिच्या छाटलेल्या फांद्या पाणंदीत पडून असतात. तुरीचं पीक कापल्यावर रानात उरणारी धसकटं तिरपी कापलेली, टोकदार आणि वाळून खिळ्यासारखी कडक झालेली असतात. शेताच्या कडेने गाडी वळवताना तीच टायरच्या बाजूच्या भिंतीत, साइडवॉलमध्ये घुसतात. तळाला, नक्षीच्या भागात पंक्चर झालं तर कुठल्याही गावचा पंक्चरवाला पट्टी घालून देतो. साइडवॉल फाटली की टायर गेला, ती दुरुस्त होत नाही. चांगल्या एटी टायरची साइडवॉल जाड असते, नक्षीचे ठोकळे खांद्यावरून थोडे बाजूलाही उतरलेले असतात आणि नक्षी खोल असते. म्हणजे दगडाला आणि धसकटाला आधी झिजवायला जास्त रबर मिळतं. या भागात एटी घेण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. चिखल नव्हे, काटा.

एटी ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेतल्या बीएफगुडरिच कंपनीने १९७६ मध्ये रेडियल ऑल-टेरेन टायर बाजारात आणला, तिथून हा प्रकार रुळला. आता आपल्याकडे अपोलोचा ऍप्टेरा एटी, सिएटचा झार एटी, जेकेचा रेंजर एटी, योकोहामाचा जिओलँडर एटी असे पर्याय मिळतात. कोणता चांगला, यावर चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद होऊ शकतो. माझ्या मते नावापेक्षा साइडवॉलवर काय लिहिलं आहे ते वाचता येणं जास्त उपयोगाचं.

उदाहरण घेऊ बोलेरोचं, कारण या जिल्ह्यात पांढरी बोलेरो दिसल्याशिवाय एकही रस्ता संपत नाही. तिच्या टायरवर २१५/७५ आर १५ असं माप असतं. रुंदी २१५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि रिम १५ इंची. हिशेब केला तर टायरची एकूण उंची सुमारे ७०३ मिलिमीटर भरते. आता बोलेरोला २३५/७५ आर १५ बसवण्याची हौस फार. त्याची उंची सुमारे ७३३ मिलिमीटर. फरक ४ टक्क्यांच्या थोडा वर. याचा अर्थ स्पीडोमीटर ८० दाखवत असेल तेव्हा गाडी खरं तर ८३ च्या पुढे धावत असते, आणि किलोमीटरही कमी मोजले जातात. बदल्यात पोटाखालची उंची किती वाढली? चाक ३० मिलिमीटरने मोठं झालं तरी आसापासून जमिनीपर्यंत निम्मीच वाढ मिळते, फक्त १५ मिलिमीटर. बोटाच्या एका पेराहूनही कमी! एवढ्यासाठी स्टिअरिंग जड करून घ्यायचं, पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या भागाला घासतो का ते तपासत बसायचं आणि मायलेज घालवायचं, हे मला पटत नाही. त्यात मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करू देत नाही, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी हे सगळं बारकाईने पाहते. मूळ मापातच एटी मिळत असेल तर तोच घ्या.

मापाच्या पुढे लिहिलेला आकडा आणि अक्षर बहुतेक जण वाचतच नाहीत. १०० एस असेल तर १०० म्हणजे एका टायरची भार सोसण्याची मर्यादा ८०० किलो आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. १०५ असेल तर भार ९२५ किलो. भूमच्या बाजूने खव्याची वाहतूक करणारी गाडी किंवा मागे बियाण्याची पोती भरणारी गाडी असेल, तर हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी कधीही नको. दुसऱ्या टोकाला एलटी, म्हणजे लाइट-ट्रक, असं लिहिलेले टायर असतात. ते जड, जास्त थरांचे आणि जास्त हवेवर चालणारे. रिकाम्या स्कॉर्पिओला ते बसवले तर येरमाळ्याच्या देवीला जाऊन येईपर्यंत घरातली मंडळी कंबर धरून बसतील.

आणखी एक आकडा पाहा. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. ३२२५ म्हणजे २०२५ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झालेला. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या भागात पत्र्याच्या गोदामात दोन वर्षं पडून राहिलेला "नवा" टायर घेऊ नका, कितीही सूट दिली तरी. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं आणि बारीक चिरा दिसू लागतात. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण कच्च्या वाटेवर त्याच्या खूप आधी चावा संपतो.

बर्फाच्या तीन शिखरांचं चिन्ह असलेला एटी दाखवून काही जण जास्त पैसे मागतात. नळदुर्गला बर्फ पडायला लागेल तेव्हा बघू.

आता हवा. दगडी माळावर ३२ ऐवजी २४-२५ पीएसआय हवा ठेवली की टायर जमिनीवर लांब पसरतो, दगडाला गुंडाळून जातो, पकड वाढते आणि धक्केही कमी बसतात. पण हे फक्त सावकाश, ताशी वीसेक किलोमीटरच्या आत. डांबरी सडकेला लागण्याआधी हवा पुन्हा भरावीच लागते, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि उन्हाळ्यात महामार्गावर फुटू शकतो. म्हणून सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप आणि हवा मोजायचा मीटर गाडीत असू द्या. नेहमीची हवा किती, हे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं; टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

मुरूम आणि खडी आहे म्हणून सगळीकडेच चाकं घालायची असं मात्र नाही. येडशीचं रामलिंग हे अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तिथे लागू आहे. ठरलेल्या वाटेबाहेर गाडी घालणं हा गुन्हा आहे, मग टायर कोणताही असो. गवताच्या माळावरही चाकोरी एकदा पडली की पुढच्या पावसाळ्यात तिची घळ होते आणि पाणी माती घेऊन जातं. गुराखी याबद्दल तुम्हाला थेट बोलतील, आणि ते बरोबर असतील. २०२१ पासूनच्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेमुळे बऱ्याच गावांच्या वाटा खडीकरणाच्या झाल्या किंवा होत आहेत. त्या वाटांना साधा एचटी, म्हणजे डांबरी रस्त्याचा टायरही पुरतो. तुमचं शेत अशा वाटेवर असेल तर एटीचे पैसे बियाण्यात घाला.

घ्यायचेच ठरले तर चारही एकदम घ्या. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढे-मागे वेगळ्या झिजीचे, वेगळ्या उंचीचे टायर असतील तर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीवर, ताण येतो. साध्या बोलेरोला मागची चाकं ढकलतात, तरी पुढे जुने गुळगुळीत ठेवले तर चिखलात स्टिअरिंग ऐकत नाही. पाचवा, स्टेपनीचा, मात्र लोक विसरतात. बोलेरोची स्टेपनी मागच्या दारावर असते, निदान दिसते. स्कॉर्पिओची गाडीच्या पोटाखाली लटकलेली असते, तिच्यावर वर्षभराचा चिखल वाळून बसतो आणि हवा तपासायला कुणी वाकत नाही. नवे टायर बसवताना तिला खाली उतरवून घ्या, धुवा, हवा भरा आणि तिच्यावरचे ते चार अंकही वाचा. पुष्कळदा ती गाडीइतकीच जुनी निघते.