पाखाडी आणि बांध

कोंकणांतील घर बहुधा डोंगराच्या उतारावर असतें. अंगणाला जागा व्हावी म्हणून उतार कापावयाचा, जांभ्या दगडाचा बांध घालून माती अडवावयाची आणि खालच्या रस्त्यापर्यंत पाखाडी उतरवावयाची, ही तेथील जुनी रीत. पायरी डळमळूं लागली कीं घरधनी सिमेंटचा लपका मारतो; बांधाला पोट सुटलें कीं वरून गिलावा करतो. हा उपाय नव्हे. तें दुखणें झांकणें होय.

बांध पाडतें तें बहुधा पाणी. कोरड्या मातीचा आडवा रेटा बेताचा असतो. पाठीमागें पाणी तुंबलें कीं तोच सुमारें दुप्पट होतो. उंची दुप्पट झाली तर रेटा चौपट होतो. चुन्यावांचून रचलेला जुना बांध फटींतून पाणी सोडून देई. त्या फटी बुजविणारा मनुष्य नकळत पाणी कोंडून ठेवतो. ता. २ जुलै २०१९ रोजीं मुंबईंत मालाड येथें अतिवृष्टींत उतारावरील भिंत कोसळली आणि खालच्या वस्तींतील वीसहून अधिक माणसें दगावलीं.

जुना बांध एकदम उतरवूं नये. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, वरचें पाणी चर खणून आधीं वळवावें आणि मग थोडाथोडा भाग काढून नवा बांधावा. पाया घट्ट जमिनींत न्यावा. तोंड डोंगराकडे किंचित कललेलें असावें. पाठीशीं हातभर खडी भरावी आणि दीड-दोन मीटरांवर ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचीं, बाहेर उतरतीं छिद्रें ठेवावीं. बांध पुरुषभर उंचीहून मोठा असेल तर इंजिनियराचा सल्ला घेतल्यावांचून हात घालूं नये.

पायऱ्यांचें गणित सोपें आहे. उंचीची दुप्पट अधिक रुंदी मिळून सुमारें ६२ ते ६५ सेंटिमीटर व्हावी. सतराव्या शतकांतील फ्रेंच स्थापत्यकार ब्लाँदेल यांच्या नांवानें हा नियम ओळखला जातो. १५ सेंटिमीटर उंच व ३२ सेंटिमीटर रुंद पायरी म्हाताऱ्यासहि सोसते. मात्र सर्व पायऱ्या सारख्या हव्यात. दोन-तीन पायऱ्या उतरल्यावर पाऊल संवयीनें पडतें, आणि तेथेंच एखादी आंखूड पायरी माणसाला पाडते.

बांध एकाच्या अंगणांत उभा असतो. पडतो तो खालच्याच्या छपरावर. म्हणून त्याची निगा हें शेजारधर्माचेंच काम समजावें.