सर्व्हर पडल्यावर तालुका चालवायचा कसा?
सायबर युद्ध आणि आपण : लेखांक ४

ऑपरेशन सिंदूरनंतर, मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने एक अहवाल जाहीर केला. पहलगाम हल्ल्यानंतरच्या दिवसांत देशातल्या संगणक यंत्रणांवर सुमारे पंधरा लाख सायबर हल्ले झाले आणि त्यांपैकी दीडशे यशस्वी ठरले, असे त्यात म्हटले होते. यशस्वी हल्ल्यांमध्ये एक होता कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या वेबसाइटवरचा. या नगरपरिषदेकडे ना क्षेपणास्त्रे, ना अणुभट्टी. घरपट्टी, पाणीपट्टी आणि जन्म-मृत्यूचे दाखले, एवढाच तिचा कारभार. अशीच नगरपरिषद लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यातही आहे.

हल्लेखोराला गावाचे महत्त्व मोजायचे नसते. कुठले दार उघडे राहिले आहे, एवढेच तो पाहतो. गेल्या वेळी आपण महानगरांच्या यंत्रणा पाहिल्या. या वेळी तालुक्याच्या गावाकडे वळू.

निलंग्यातला शेतकरी सोयाबीन मोंढ्यावर आणतो, त्याचे पैसे खात्यावर येतात. सातबारा ऑनलाइन निघतो, पीकविम्याचा अर्ज सेवा केंद्रातून भरला जातो, रेशन दुकानात अंगठा लावल्याशिवाय धान्य मिळत नाही. यातले काहीही अडले की खिडकीतून एकच उत्तर येते : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ बहुतेक वेळा कारण साधे असते. मात्र हेच ‘उद्या या’ कुणी ठरवून, एकाच सकाळी, शेकडो गावांत घडवून आणू शकतो.

त्याची झलक ३१ जुलै २०२४ला दिसली. लहान बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरले. राष्ट्रीय देयक महामंडळाने खबरदारी म्हणून तिला देशाच्या व्यवहार जाळ्यातून बाजूला काढले. त्यासरशी सहकारी आणि ग्रामीण मिळून सुमारे तीनशे लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली खरी. पण यांतल्या एकाही बँकेने स्वतः काही चूक केलेली असण्याची गरज नव्हती. सगळ्यांचा पुरवठादार एक, एवढे पुरेसे होते.

पैसा थेट पळवला गेल्याची उदाहरणेही घरचीच आहेत. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेशेजारी चोरांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली. कार्ड आले की खात्यात रक्कम आहे का, हे बँकेच्या मुख्य संगणकाला न विचारताच ती होकार देऊ लागली. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले. आपल्याकडे कोल्हापुरातही निघाले. दोन दिवसांनी हाँगकाँगच्या खात्यात आणखी जवळपास चौदा कोटी वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटींचा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. निर्बंधांनी जखडलेले एक राष्ट्र आपली तिजोरी भरण्यासाठी पुण्याच्या सहकारी बँकेत शिरले, असा त्याचा अर्थ. पुढे जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे चौदा कोटींहून अधिक रुपये ऑनलाइन पळवले गेले. ते गुन्हेगारांचे काम होते, युद्ध नव्हे. पण दोघांनाही शिरायला फट लागते ती सारखीच.

आता विजेकडे वळू. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारने यामागे सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र मानवी चूक असल्याचे सांगितले. वाद मिटला नाही. त्यातली निर्विवाद गोष्ट अशी की, बाहेरचे जाळे कोसळले तर मुंबईने स्वतःला बेटासारखे तोडून घेऊन आपल्या वीज केंद्रांवर चालावे, ही जुनी व्यवस्था त्या दिवशी कामाला आली नाही.

युक्रेनमध्ये संशयाला जागाच उरली नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी तिथल्या वीज कंपन्यांच्या नियंत्रण कक्षात कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप फिरू लागला आणि एकेक उपकेंद्र बंद पडत गेले. सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. तरीही सहा तासांच्या आत वीज परतली. कंपन्यांची माणसे गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर चढवले. जुनी यंत्रे हाताने चालत होती आणि ती चालवणारी माणसे नोकरीत होती, म्हणून हे जमले.

स्थानिक स्वावलंबनाचा मुद्दा इथे येतो. स्वदेशी अॅप वापरले की काम झाले, असे नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे गावाशेजारी वीज तयार होऊ लागली आहे, छतावरही पॅनेल दिसू लागले आहेत. पण बॅटरी नसलेले साधे छत-सौर संच मुख्य लाइन गेली की स्वतःही बंद होतात; तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून त्यांची रचनाच तशी असते. वर ऊन आणि घरात अंधार. शिवाय इन्व्हर्टरचे नियंत्रण इंटरनेटवरून परदेशातल्या सर्व्हरकडे असेल, तर वीज गावची असली तरी बटण गावाच्या हाती नाही.

बटण कुणाच्या हाती, हा प्रश्न जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जीला भोवला. रशियन भागीदारीमुळे युरोपीय संघाने निर्बंध लादले आणि गुजरातेत तेलशुद्धीकरण करणाऱ्या या कंपनीच्या ईमेल व इतर सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले; मधल्या काळात रेडिफची ईमेल सेवा कामी आली. हल्ला कुणीच केला नव्हता.

तालुक्याच्या पातळीवर करण्यासारखी कामे खर्चिक नाहीत. नगरपरिषद, बाजार समिती आणि पतसंस्थांनी नोंदींची एक प्रत इंटरनेटला न जोडलेल्या डिस्कवर ठेवायची आणि ती उघडते का, हे अधूनमधून तपासायचे. दवाखान्यात केसपेपर हाताने लिहिण्याची पद्धत जिवंत ठेवायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर बंद पडले तेव्हा जवळपास दोन आठवडे कागदावरच काम चालले होते. प्रसूतिकक्ष आणि लसींच्या फ्रिजसाठी बॅटरीसह सौर संच बसवायचा. उपकेंद्रातला ब्रेकर हाताने चढवू शकणारा माणूस प्रत्येक पाळीत असायला हवा. किल्लारीच्या भूकंपाची झळ सोसलेल्या या भागाला आपत्तीच्या रंगीत तालमीचे महत्त्व नव्याने सांगायला नको. त्याच तालमीत ‘आज सर्व्हर नाही’ असा एक दिवस बसवता येईल.

घटना घडल्यावरचा रस्ताही आधी ठाऊक हवा. पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. संस्थेच्या यंत्रणेत कुणी शिरले, तर सहा तासांच्या आत केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेला कळवण्याचा नियम २०२२ पासून लागू आहे. तालुक्यातल्या किती कार्यालयांत हे कळवणाऱ्या माणसाचे नाव ठरलेले आहे, ते एकदा विचारून पाहावे.

(पुढील लेखांकात : सहकारी बँकांच्या सुरक्षेसाठी रिझर्व्ह बँकेने घातलेले नियम आणि सभासदांनी वार्षिक सभेत विचारायचे प्रश्न.)