आमवाताचा जोर कशावरून ओळखावा?

आमवाताचा रोगी तपासणी करून घरी येतो, तेव्हा त्याच्या हातातील कागदावर पुष्कळदा दोन आकडे असतात : ई.एस.आर. आणि सी.आर.पी. कधी एक उतरलेला असतो आणि दुसरा चढलेलाच. मग घरात वाद होतो, औषध चालू ठेवायचे की बंद करायचे? म्हणून हे आकडे काय सांगतात ते पाहू.

आमवातात शरीराची संरक्षणशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजते, सकाळी बोटे आखडतात, भांगलणीला खुरपे धरवत नाही. ही सूज टिकून राहिली तर हाड झिजते व सांधा वाकडा होतो. एकदा वाकडा झालेला सांधा गोळ्यांनी सरळ होत नाही.

ई.एस.आर. ही जुनी तपासणी. रक्त गोठू न देता उभ्या नळीत ठेवतात आणि तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती गोळा होऊन लवकर तळाशी बसते, तसेच हे आहे. शरीरात दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन वाढते. त्यामुळे पेशी भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटून लवकर खाली बसतात. परंतु अंगात रक्त कमी असले, वय वाढले किंवा बाई गरोदर असली तरीही हा आकडा चढतो. शिवाय दाह शमल्यावर तो उतरायला कित्येक आठवडे लागू शकतात.

सी.आर.पी. हे यकृतात तयार होणारे प्रथिन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टिलेट व फ्रान्सिस यांनी न्युमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते शोधून १९३० साली प्रसिद्ध केले. दाह सुरू झाल्यावर काही तासांत ते वाढू लागते आणि सुमारे दोन दिवसांत सर्वांत वर जाते. दाह थांबला की साधारण १९ तासांत निम्मे होते. रक्त कमी असण्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून आजची स्थिती सी.आर.पी. अधिक लवकर दाखवते. मात्र लठ्ठपणामुळेही ते थोडे वाढलेले असू शकते.

दोन्ही आकडे म्हणजे केवळ धूर. आग कोठे लागली ते धूर सांगत नाही. किडलेली दाढ, लघवीतील जंतुसंसर्ग, छातीचा विकार यांनीही दोन्ही वाढतात. उलट, काही रोग्यांचे सांधे सुजलेले असूनही आकडे ठीक येतात. म्हणून डॉक्टर २८ सांधे दाबून पाहतात, रोग्याला विचारतात आणि मग दोहोंपैकी एक आकडा त्यात मिळवून रोगाचा जोर ठरवतात.

आपण काय करावे? शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी. ई.एस.आर.ची तुलना मागच्या ई.एस.आर.शी आणि सी.आर.पी.ची सी.आर.पी.शीच करावी. सी.आर.पी.चे मापही वाचावे. एका डेसिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम म्हणजे एका लिटरमध्ये २० मिलिग्रॅम. रोग दहापट वाढला असे नव्हे. जुने कागद तारखेप्रमाणे लावून बरोबर न्यावेत. ताप किंवा खोकला असेल तर आधी सांगावा.

आणि आकडा उतरला म्हणून आपल्या मनाने औषध सोडू नये. बहुधा औषध चालू आहे म्हणूनच तो उतरलेला असतो.