शारदा ते धैर्यधर : केशवराव भोसले यांची वाटचाल

केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव बहुधा एकाच प्रयोगासाठी घेतले जाते. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या प्रयोगात, ते नायक धैर्यधर होते आणि बालगंधर्व नायिका भामिनी. त्या रात्री कोणी कोणावर मात केली, यावर बरीच शाई खर्ची पडली असून तो वाद आता पुरे झाला. कोल्हापूरच्या एका गरीब घरातील मुलगा तिथवर पोहोचला कसा, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

घरच्या ओढाताणीमुळे केशवराव अगदी लहानपणी जनुभाऊ निमकरांच्या ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळीत दाखल झाले आणि शाळा त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. नाटक मंडळी म्हणजे गावोगाव बिऱ्हाड हलवणारा, एका पंगतीत जेवणारा फिरता संसार होता. त्यात स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा गोड गळ्याचा मुलगा, ही मालकाची खरी पुंजी असल्यामुळे जास्त पगाराचे आमिष दाखवून दुसऱ्याचा नट ‘फोडणे’ सर्रास चाले. शारदेचे काम करणारा मुलगा मंडळी सोडून गेल्यावर ती भूमिका कोवळ्या वयाच्या केशवरावांकडे आली आणि त्यांनी ती गाजवली. नाटककार देवलांच्या १८९९ च्या ‘संगीत शारदा’त पैशाच्या लोभाने बाप आपली मुलगी शारदा म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहतो; पोटासाठी मंडळीच्या स्वाधीन झालेल्या पोराने तिचे दुःख रोज रात्री गावे, यातला उपरोध प्रेक्षकांच्या क्वचितच ध्यानात आला असेल.

अशा मुलाची किंमत आवाज फुटेपर्यंत, म्हणजे वयात येताना गळा घोगरा होईपर्यंतच असे. पुढे अनेकांच्या नशिबी दुय्यम कामेच येत. केशवरावांचा गळा टिकला, तो अधिक धारदार झाला. परंतु गळ्याइतकेच श्रेय त्यांच्या एका निर्णयाला द्यावे लागते. अठरा वर्षेही पुरी झालेली नसताना त्यांनी जुनी मंडळी सोडली आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी स्थापन केली. पगारी नटाने मालक होणे हे धाडस खरेच, पण ज्याच्या आवाजावर इतरांनी पैसा कमावला, त्याने तो आवाज स्वतःच्या मालकीचा करून घेणे हा त्याचा अधिक नेमका अर्थ होय.

पुढील प्रवास परिचित आहे. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’तील मृणालिनी त्यांनी स्वतः रंगवली, तर नाटककार वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्यावरील नाटक त्यांच्याच मंडळीने रंगभूमीवर आणले. शारदेच्या वेषात वाढलेल्या मालकाने लग्नातील देवघेवीवरचे नाटक हाती घ्यावे, हा निव्वळ योगायोग मानणे जड जाते.

संयुक्त प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले. मालकाबरोबर मंडळीही बुडावी, अशीच त्या काळची रीत होती. ‘ललितकलादर्श’ मात्र मंडळीतीलच नट बापूराव पेंढारकरांनी चालू ठेवली आणि त्यांच्यामागे त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकरांनी ती पुन्हा उभी केली.