तोंडात वाढणारी पिल्ले आणि परक्याची अंडी



मृग जवळ आला की शिवारात पावशा ओरडू लागतो. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असा त्याचा आवाज ऐकून आपण तिफण बाहेर काढतो. पण हा पावशा स्वतः कधी घरटे बांधत नाही. त्याची मादी सातभाईच्या घरट्यात गुपचूप अंडे घालते. अंड्याचा रंग सातभाईच्या अंड्यासारखाच निळा, त्यामुळे फसवणूक लवकर लक्षात येत नाही. बिचारे सातभाई परक्याचे पोर आपले समजून वाढवतात. कोकिळा कावळ्याला असेच फसवते, हे तर घरची लहान मुलेही सांगतील.

पण हीच लबाडी एक मासाही करतो, असे सांगितले तर? दुधनीच्या एका शेतकरी श्रोत्याने नेमका हाच प्रश्न विचारला आहे. त्यांच्या मुलाने काचेच्या पेटीत आफ्रिकेतले रंगीत मासे पाळले आहेत. एक मादी बरेच दिवस काही खाईना, गळा फुगलेला. पुढे तिने तोंड उघडले, तर आतून निघाली मिशा असलेली, ठिपक्यांची पिल्ले! ते विचारतात, "साहेब, हा काय प्रकार? आणि माझ्या शेततळ्यात चिलापीची पिल्ले बेसुमार झालीत. हा ठिपक्यांचा मासा तळ्यात सोडला तर चिलापी आटोक्यात येईल का?"

प्रश्न चांगला आहे. घाईने काही करण्याआधी विचारला, हे त्याहून चांगले. आता क्रमाने पाहू.

तोंड हेच घरटे

काही मासे अंडी पाण्यात सोडून मोकळे होतात. काही राखण करतात. कोकणातल्या खाडीतला कालुंदर पाण्यातल्या दगडाला किंवा लाकडाला अंडी चिकटवतो आणि नर-मादी दोघे पहारा देतात. चिलापी त्याच्याच कुळातली, पण तिची तऱ्हा वेगळी. नर तळाशी खळगा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात भरून घेते. अंडी तोंडातच फुटतात, पिल्ले तिथेच वाढतात. दोन-तीन आठवडे मादी जवळजवळ उपाशीच असते. पिल्ले बाहेर फिरू लागली तरी धोका दिसताच पुन्हा आईच्या तोंडात शिरतात.

म्हणूनच चिलापी इतकी वाढते. पिल्ले फारशी मरत नाहीत. दोन-तीन महिन्यांची मादी पुन्हा पिल्ले द्यायला तयार. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात आपोआप वितच नाहीत, त्यामुळे त्यांची संख्या आपण सोडू तेवढीच राहते. चिलापी मात्र 1952 साली आपल्या देशात आणली गेली आणि तळी, धरणे भरून टाकली. आज उजनीच्या जाळ्यात ती भरपूर सापडते.

मिशावाल्याची लबाडी

आता तो ठिपक्यांचा मासा. हा आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला मांजरमासा. अभ्यासक त्याला कोकीळ मांजरमासाच म्हणतात. तेत्सु सातो या जपानी संशोधकाने 1986 साली त्याची करणी जगापुढे मांडली.

तोंडात पिल्ले सांभाळणारी मादी अंडी घालत असते, तेवढ्यात या मांजरमाशांची जोडी मध्ये घुसते. तिची काही अंडी खाते आणि तिथेच आपली अंडी टाकते. मादी गडबडीने आपली अंडी उचलते, त्यात परक्याचीही जातात. ही परकी अंडी सुमारे तीन दिवसांत फुटतात, म्हणजे घरच्या अंड्यांच्या आधी. अंगातला बलक संपला की ही पिल्ले मालकिणीच्याच पिल्लांना खाऊ लागतात. कमी पडले तर एकमेकांनाही सोडत नाहीत. शेवटी आईच्या तोंडात राहते ते परक्याचेच पोर. अशी पूर्णपणे परक्याच्या जिवावर वाढणारी दुसरी माशाची जात अजून ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चेक देशातल्या संशोधकांनी 2018 साली असे दाखवले की, टांगानिकातले मासे पिढ्यान्‌पिढ्या या चोराशेजारी राहिल्याने बरेच सावध असतात, परकी अंडी थुंकून टाकतात. दुसऱ्या सरोवरांतल्या माशांनी हा चोर कधी पाहिलेला नसतो. ते सहज फसतात. मुलाच्या पेटीत असेच झालेले दिसते.

मग तळ्यात सोडावा का?

मुळीच सोडू नये. कारणे अशी :

1. तो फसवेल ती विणाऱ्या काही माद्यांना. बाकीच्या माद्या पिल्ले देतच राहतील. तळे काही रिकामे होणार नाही.

2. हा शोभेचा मासा आहे, बाजारात त्याला खाण्याचा भाव नाही.

3. पावसाळ्यात तळे फुटले किंवा सांडले की मासा ओढ्यात जातो. आपल्या तालुक्यातले पाणी शेवटी भीमेलाच मिळते. शोभेच्या पेटीतला काटेरी सकर मासा, तोही दक्षिण अमेरिकेतला मांजरमासाच, आज उजनीत मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. एकदा नदीत गेलेला परका मासा परत गोळा करता येत नाही. मत्स्यशेतीसाठी आलेल्या आफ्रिकन मागूरवर शासनाला बंदी घालावी लागली, हेही विसरू नये.

चिलापीवर खरा उपाय

पहिला उपाय, उन्हाळ्यात तळे पूर्ण आटू द्यावे. डबकी ठेवू नयेत, त्यातच बीज टिकते. मातीच्या तळाला चुना मारून मगच नवे पाणी घ्यावे.

दुसरा, हाताने निवड. मासा बोटाच्या लांबीपेक्षा मोठा झाला की पोटाखाली पाहावे. नराला दोन छिद्रे, मादीला तीन. फक्त नर तळ्यात ठेवावेत. काम सवयीचे आहे. घाई केली आणि चार माद्या राहिल्या, तर सगळी मेहनत वाया.

तिसरा, चिलापी मोठी झाल्यावर आपल्याकडचा मरळ थोड्या संख्येने सोडावा. तो लहान पिल्ले खातो आणि त्याला भावही चांगला येतो. मरळ मात्र मोठ्या चिलापीहून लहानच असावा.

नवे बीज घेण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे. सुधारित चिलापीच्या शेतीला परवानगी लागते.

आणि त्या मुलाला एवढेच सांगतो : बाळ, पेटी जरूर ठेव, निरीक्षण वहीत लिही. गळा फुगलेली मादी दिसली की तिला वेगळ्या भांड्यात ठेव. पेटीचा कंटाळा आला तर मासे दुकानदाराला परत दे, पण ओढ्यात सोडू नकोस. सातभाई आपल्या घरट्यात आलेला परका ओळखू शकत नाही. आपल्याला तो ओळखता येतो.