विश्लेषण : उतारावरचे पाणी मोजायचे कसे, अडवायचे कसे?

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड परिसरात सुमारे २०६ मिमी पाऊस झाला. लातूर, उदगीर आणि कर्नाटकाकडील पाणीही लेंडी नदीत उतरले. रावणगाव, हसनाळसह काही गावे पाण्याने वेढली गेली, जीवितहानीही झाली. हाच मराठवाडा २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणत होता. या दोन्ही टोकांमधला दुवा म्हणजे उतारावरून वाहून जाणारे पाणी, अर्थात ‘अपधाव’.

अपधाव म्हणजे काय?

पडलेल्या पावसातून जमिनीत मुरलेले आणि बाष्पीभवनाने उडालेले पाणी वजा केले की उरते ते अपधाव. त्याचे प्रमाण उतार, माती, पीक आणि पावसाचा जोर यावर ठरते. बालाघाटच्या डोंगररांगांत मातीचा थर पातळ, खाली बेसॉल्ट खडक. सखल भागातील काळी माती कोरडी असताना भेगांतून पाणी पिते; मात्र एकदा फुगली की भेगा मिटतात आणि पाणी मुरणे मंदावते. त्यामुळे जूनमधला आणि ऑगस्टमधला १०० मिमी पाऊस सारखाच पूर आणत नाही.

आकडे काय सांगतात?

एक हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. २०६ मिमी म्हणजे २० लाख ६० हजार लिटर. समजा, १० चौरस किमी पाणलोटातून यातील निम्मे पाणी सहा तासांत वाहिले, तर ओढ्यातून सरासरी सुमारे १,७०० क्युसेक प्रवाह जाईल. असे अनेक ओढे एकाच वेळी नदीला मिळाले की पूर येतो.

मोजणी कशी होते?

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात. ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे मंडळ स्तरावर आहेत. मात्र पर्जन्यमापक पाऊस सांगतो, ओढ्याची पातळी नाही. त्यासाठी पुलावर पातळीपट्टी किंवा रडार संवेदक लागतो. पातळी आणि प्रवाह यांचा तक्ता एकदा तयार झाला, की पुढे केवळ पातळीवरून प्रवाह काढता येतो.

उपाय कोणते?

सूत्र जुनेच आहे : माथा ते पायथा. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग शेतात बांधबंदिस्ती आणि रुंद वरंबा-सरी, त्याखाली शेततळी, शेवटी नालाबांध. क्रम उलटला तर नालाबांध गाळाने भरतो.

मर्यादा काय?

चर भरले, माती तृप्त झाली की पुढचा पाऊस वाहणारच. २०० मिमीच्या रात्री चर गाव वाचवू शकत नाहीत. तिथे वरच्या गावातून वेळेत आलेला इशाराच उपयोगी पडतो. लेंडीचे पाणी जिल्हा आणि राज्याची हद्द ओलांडून येते. त्यामुळे उदगीरच्या ओढ्याची पातळी मुखेडला त्याच तासात कळणे गरजेचे आहे.