वादळ थांबले, धोका टळला नाही!

भिलाईच्या बोरसीत राहणारे मराठी कुटुंब असो की पुण्या-नागपूरचे, बर्फाचे अप्रूप सर्वांनाच असते. सुट्टी लागली की मनाली, गुलमर्ग, सिक्कीमचे बेत आखले जातात. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, हे आपल्याला ठाऊक असते. मात्र हिमालयात बर्फाचे कडेही तसेच रस्त्यावर कोसळतात, हे अनेकांच्या ध्यानी नसते.

4 एप्रिल 2023 रोजी गंगटोक-नाथू ला मार्गावर हेच घडले. पर्यटकांना 13व्या मैलापर्यंतच परवानगी होती. तरीही काही जण 15व्या मैलापर्यंत गेले. तिथे कोसळलेल्या हिमकड्याने 7 जणांचा बळी घेतला.

असे का होते? वादळात थोड्या वेळात भरपूर बर्फ साचतो. जुन्या थरावर हा नवा थर घट्ट बसत नाही. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर वजन वाढले किंवा ऊन लागून पकड सुटली, की सारा थर खाली घसरतो. म्हणूनच वादळानंतरचा लख्ख उन्हाचा दिवस फसवा असतो. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर काढले, तरच वाचण्याची आशा मोठी असते.

काय काळजी घ्याल?

* निघण्यापूर्वी हवामान खात्याचे आणि चंदीगडच्या हिमस्खलनविषयक संरक्षण संस्थेचे इशारे पाहा.
* हिमस्खलनाच्या पट्ट्यात छायाचित्रांसाठी गाडी थांबवू नका.
* गाडी बर्फात अडकली, तर धुराचा पाइप मोकळा केल्याशिवाय इंजिन चालू ठेवू नका. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातील मरी येथे अडकलेल्या गाड्यांत 20हून अधिक लोक दगावले. थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही त्याचे कारण मानला गेला.
* ब्लँकेट, पाणी, सुका खाऊ आणि नेहमीची औषधे हाताशी ठेवा.

बहुतेक कुटुंबे धोका पत्करतात, ती साहसापायी नव्हे, तर परतीचे तिकीट चुकेल म्हणून. मग आभाळ निरभ्र असताना रस्ता बंद का, असा वाद चालकाशी किंवा पोलिसांशी घातला जातो. तेव्हा सहलीचा कार्यक्रम ठरवतानाच एक-दोन दिवस मोकळे ठेवा. हॉटेलचे एका रात्रीचे जादा भाडे मुलाबाळांच्या जिवापेक्षा नक्कीच महाग नाही.